बंबाच्या पत्र्यावर ‘वाई’ उमटेपर्यंत

जून २०२४ मध्ये वाईचं घर रिकामं केलं, तेव्हा पाणी तापवायचा तांब्याचा बंब माझ्या वाट्याला आला. वाट्याला म्हणजे, दुसऱ्या कुणालाच नको होता म्हणून. बूड गळत होतं, नळी काजळीनं भरली होती आणि पितळी तोटी कधीचीच जाम झाली होती. दादा म्हणाला, मोडीत देऊन टाक. वजन नऊ किलो भरलं. भांडेवाल्यानं मोडीचा भाव किलोला साडेसहाशे सांगितला. हिशेबात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण बंबाच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव घातलेलं होतं, खाली ‘सन १९५८’. ते बघून मी म्हटलं, थोडे दिवस थांबू.

थांबण्यातून कल्पना निघाली ती अशी: गळणारं बूड कापून काढायचं, त्याच्या वरची चार इंचांची पट्टी घ्यायची आणि त्या पत्र्याचे छोटे बिल्ले करायचे. किल्ल्यांना लावायला. त्यावर ‘वाई’ आणि ‘1958’ ठोकायचं. आम्ही सख्खी-चुलत मिळून चौदा भावंडं. भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, म्हणजे हातात चार महिने. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. हातोडी याआधी कॅलेंडरचा खिळा ठोकण्यापलीकडे धरलेली नव्हती.

आता मागे वळून बघते तर माझे साधारण सात हजार रुपये गेले, त्यातले पावणेतीन हजार निव्वळ फुकट. ते कशात गेले ते कळावं म्हणूनच हे लिहिते आहे.

१४ जुलैच्या रविवारी बसून पहिली ऑनलाइन खरेदी केली. व्हिडिओ बघून बघून डोक्यात बसलं होतं की खरी गोष्ट म्हणजे अक्षरं आणि चकाकी. म्हणून मागवलं काय, तर ३ मिलिमीटरच्या इंग्रजी अक्षरांचा सत्तावीस पंचांचा संच (पंच म्हणजे टोकावर अक्षर कोरलेली, हातोडीनं ठोकायची दांडी; सव्वीस अक्षरं आणि एक ‘अँड’चं चिन्ह) ८९० रुपयांना, आकड्यांचा संच ४५० ला, पॉलिशचं शंभर नगांचं किट ११५० ला आणि सर्वांत शेवटी, जरा नाइलाजानंच, ठोकायला खाली घ्यायचा बिडाचा ठोकळा ६४० ला. नऊशे-हजाराचेही ठोकळे होते, पण लोखंडाच्या चौकोनासाठी एवढे कशाला, असं वाटलं. सगळी चूक या एका वाक्यात आहे.

इंग्रजी अक्षरं का घेतली याचं उत्तर माझ्याकडे नाही. ‘वाई’ मराठीत लिहायचं होतं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. संच आल्यावर उघडला आणि मग लक्षात आलं, यात ‘व’ नाही.

आकड्यांच्या संचाची वेगळीच गंमत. नऊच पंच असतात. सहाचा पंच उलटा धरला की नऊ होतो. हे मला माहीत नव्हतं, म्हणून आधी वाटलं एक कमी आलाय. मग नीट बघितलं तर पाच दोनदा होता आणि आठ नव्हताच. ‘1958’ आठाशिवाय कसं ठोकायचं? तक्रार केली. उत्तर आलं की परत घेत नाही, बदलून देऊ, पण खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. तो कुठून आणणार? तीन मेल, दोन फोन, पंचांचे चार बाजूंनी फोटो. तेवढ्यात २५ जुलैला पुण्यात तो पाऊस झाला, नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं आणि पार्सलं कुठेकुठे अडकून पडली. बदलीचा संच ६ ऑगस्टला हातात पडला. तेव्हापासून पार्सल उघडताना समोर फोन उभा करून ठेवते. आणि पंच बघून घ्यायचे ते एकेक करून, साबणाच्या वडीवर किंवा मेणबत्तीच्या बुडावर दाबून. उमटलेलं अक्षर दिसतं, पंचाच्या टोकावरचं उलटं अक्षर चटकन कळत नाही.

मधल्या दिवसांत २० जुलैला, शनिवारी, बंब रिक्षात घालून तांबट आळीत नेला. कसबा पेठेतली ही आळी पेशवाईपासूनची. अजून काही घरांतून ठोके ऐकू येतात, त्या आवाजाच्या मागे गेलं की झालं. मी ज्यांच्याकडे गेले ते काका सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी बंब फिरवून बघितला, बोटानं वाजवला आणि विचारलं, “नवं बूड घालून देऊ का ताई? अजून पन्नास वर्षं जाईल.” मी म्हटलं, फ्लॅटमध्ये पेटवणार कुठे? मग माझी योजना सांगितली. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, “ठोकणार कशावर?”

मी फोनमध्ये ठोकळ्याचा फोटो दाखवला. त्यांनी फोन परत दिला आणि स्वतःची मठाराची हातोडी माझ्या हातात ठेवली. तिचं तोंड आरशासारखं होतं, माझा चष्मा दिसत होता त्यात. मठारकाम म्हणजे भांड्यावर ओळीनं मारलेले ते चकचकीत ठोके. त्यानं भांडं दिसतंही छान आणि पत्रा कडकही होतो. काकांचं म्हणणं एवढंच होतं की तांबं मऊ असतं, हातोडीच्या तोंडावर जे असेल ते भांड्यावर येतं. ओरखडा असला तर प्रत्येक ठोक्यागणिक ओरखडा. “चकाकी हातोडीची येते, पावडर नंतर. आणि तुमचं तर खालूनही येणार.”

पट्टी कापायचे पाचशे घेतले. जिथे जुना डाग दिलेला, म्हणजे झाळून सांधलेलं होतं, ती शिवण त्यांनी मुद्दाम बाजूला काढली. जुन्या डागात शिसं असू शकतं, तो तुकडा तापवू नका म्हणाले. एक किलोभर पत्रा मिळाला, जाडी अदमासे एक मिलिमीटर. बाजारात नवा पत्रा घ्यायचा तर २० गेज मागावा, तो ०.९ मिलिमीटरच्या आसपास येतो. २४ गेज अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. स्वस्त पडतो, पण ठसा मागच्या बाजूला फुगून दिसतो.

घरी येऊन मी काकांचं ऐकलं का? नाही. २१ जुलैला बिडाचा ठोकळा जेवणाच्या टेबलावर ठेवला, घरातली हातोडी घेतली आणि न वाकणाऱ्या त्या पत्र्यावर इंग्रजी ‘ए’ ठोकला. टेबलावरचा भाताचा चमचा उडून खाली पडला. ‘ए’ दोन उमटले, एकाला चिकटून दुसरा, सावलीसारखा. कारण टेबल उसळतं, त्याबरोबर पंचही उसळतो आणि दुसऱ्यांदा जरा सरकून बसतो. पत्रा उलटा केला तर मागे बारीक समांतर रेघा. ठोकळा यंत्रावर कापताना उरलेल्या त्या रेघा तांब्यावर जशाच्या तशा छापल्या गेल्या होत्या. त्या काढायला मी किटमधली सगळी पॉलिशं लावली. रेघाही चकाकायला लागल्या.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांना वाटलं आमच्याकडे फरशी फोडतायत.

ठोकळ्याचा शोध हा या सगळ्यातला सर्वांत लांबलेला भाग. इंटरनेटवर सगळे सांगतात, रेल्वेच्या रुळाचा तुकडा घ्या, उत्तम ऐरण होते. बुधवारी रजा टाकून जुन्या बाजारात गेले. तिथे एकाकडे खरंच वीतभर रूळ होता, सातशे सांगत होता. घेणार होते, पण भाच्यानं फोनवर अडवलं: “आत्या, पावती देतोय का तो?” पावती कसली! रेल्वेच्या मालमत्तेबाबत १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. चोरीचा असावा असा संशय असलेला माल तुमच्याकडे सापडला आणि तो रीतसर कसा आला हे सांगता आलं नाही, तर गुन्हा. लिलावातला, कागदपत्रं असलेला तुकडा मिळाला तर गोष्ट वेगळी. बिल्ल्यांसाठी एवढी जोखीम कशाला, म्हणून सोडून दिला.

शेवटी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये भाच्याच्या मित्राच्या ओळखीनं काम झालं. चार बाय चार इंच, एक इंच जाड पोलादाचा तुकडा. दोन किलो भरला, वजनावर १८० रुपये. वरची बाजू सरफेस ग्राइंडिंग करून, म्हणजे यंत्रावर घासून सपाट करून दिली, त्याचे २५०. म्हणजे ४३० रुपयांत ६४० च्या ठोकळ्याहून सरस वस्तू. मग ती बाजू मी वॉटर पेपरनं, म्हणजे पॉलिश पेपरनं घासली: २२०, ४००, ६००, १०००; आकडा वाढेल तसा कागद बारीक. कागद सपाट काचेवर पसरायचा, वर थोडं तेल, आणि ठोकळा पालथा घालून आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा. दोन संध्याकाळी गेल्या. खांदे दुखले. पण तिसऱ्या दिवशी ठोकळ्यात ट्यूबलाइट दिसली, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. यजमान म्हणाले, “छान. आता याचं काय करायचं?”

हा ठोकळा कडक केलेला नाही, त्यामुळे घाव चुकला की त्यावर बारीक खड्डा पडतो. तेवढा भाग पुन्हा घासायचा. आणि पुण्याच्या पावसाळ्यात बोटांचे ठसे रात्रीत गंजतात, म्हणून काम झालं की शिलाई मशीनचं तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवायचा. हे दोन्ही धडे एकाच आठवड्यात मिळाले.

इकडे सोसायटीचं प्रकरण. खालच्या काकूंनी तक्रार केली नव्हती, नुसतं सांगितलं होतं. पण सांगितलं सेक्रेटरींना. ते म्हणाले लेखी अर्ज द्या. मी दिला. कामाचं स्वरूप, वेळ, कालावधी. त्यांनी ‘व्यवसाय नाही’ असं एक वाक्य घालायला लावलं, म्हणून अर्ज पुन्हा लिहिला. नऊ दिवसांनी कमिटीची मीटिंग झाली आणि शनिवार-रविवार अकरा ते एक अशी परवानगी मिळाली, ३१ ऑक्टोबरपर्यंत. एका बिल्ल्याला चार आकडे आणि एक ‘वाई’. चौदा बिल्ल्यांचे सत्तरेक ठसे. चुका धरूनही खरं ठोकणं सगळं मिळून तासाभराचंसुद्धा नाही! पण ती परवानगी हातात आल्यावर मी निर्धास्त झाले, हे खरं. ठोकळ्याखाली जुन्या टायरचा तुकडा आणि तो सगळा ऐवज टेबलावर नाही, तर गॅलरीत खांबाला लागून जमिनीवर ठेवला. आवाज निम्म्यानं कमी झाला. खाली बसून ठोकायचं. पाटावर बसलं की कोपर बरोबर उंचीवर येतं.

‘वाई’साठी रविवार पेठेत सोनारांच्या डाया आणि ठसे कोरणाऱ्या एका कारागिराकडे गेले. मी यादी नेली होती: व, काना, ई. त्यांनी यादी बाजूला ठेवली. म्हणाले, सुटी अक्षरं करू नका ताई. इंग्रजी अक्षरं शेजारी शेजारी सुटी उभी राहतात. आपल्याकडे वरची रेघ सलग यावी लागते. तीन पंच वेगळे मारले तर शिरोरेषा पायऱ्यापायऱ्यांची दिसणार. अख्खा शब्द एकाच पंचावर कोरा. सुट्या तीन पंचांचे नऊशे झाले असते, सबंध शब्दाचे सहाशे. मराठीत काही ठोकायचं असेल तर मी आता प्रत्येकाला हेच सांगते: अक्षरमाला मागवायच्या नादी लागू नका, शब्द करून घ्या.

त्यांना काळ्या शाईनं मोठं काढलेलं अक्षर लागतं. फोनवरचा फॉण्ट दाखवला तर त्यांनी मान हलवली. ‘व’चं पोट फार लहान होतं, तांबं आत शिरून गच्च बसलं असतं. मग आजीच्या ठिपक्यांच्या अक्षरावरून कागदावर काढून दिलं, पोट जरा मोठं करून. तीनशे आगाऊ. बारा दिवस म्हणाले, लागले तेवीस, कारण गणपती तोंडावर आले होते आणि चांदीच्या दुर्वा-जास्वंदीच्या डाया आधी. पंच ३१ ऑगस्टला मिळाला. टोक कोरून झाल्यावर त्याला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेलं. मागचं डोकं मात्र मऊच ठेवतात. त्या डोक्यावर मठाराची किंवा दुसरी कुठलीही गुळगुळीत हातोडी मारायची नाही, तिचं तोंड खराब होतं. पंचासाठी वेगळी, साधी, दोन पौंडांची आखूड दांड्याची हातोडी बोहरी आळीत ३२० ला घेतली. तिथेच पत्रा कापायची कातर ४०० ला, लाकडी मोगरी १५० ला आणि गॉगल १२० ला. गॉगलचा कंटाळा करू नये. पंचाच्या डोक्याच्या कडा ठोकून ठोकून बाहेर वळतात आणि त्याच्या चिपा उडतात.

बोहरी आळीतल्या दुकानदारानं एक प्रश्न विचारला तो उपयोगी पडला: तुमच्या हाताला झेपेल ना? मी तीन पौंडांची बघत होते. हातोडी जड असावी, पण मनगटानं नेम धरता आला पाहिजे. दुकानातच पाच-सहा वेळा हवेत उचलून बघावी. कुणी हसत नाही.

गणपती झाले, १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, तेव्हा पत्रा मऊ करायला घेतला. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कुणीतरी ठोकून ठोकून कडक केलेलं तांबं ते. पंच नुसता वर नाचायचा. त्यासाठी छोटा गॅसचा टॉर्च घेतला, ७५०, आणि दोन डबे ३०० चे. डबे वेगळे आले, अकरा दिवस उशिरा, कारण ते विमानानं पाठवत नाहीत. गॅलरीत कोरड्या विटेवर पत्र्याचा तुकडा ठेवून तापवायचा. वीट ओली असली तर फुटते, त्यामुळे कुंडीखालची उचलायची नाही. किती तापवायचं हे दिवसा कळत नाही. दिवेलागणीला, अंधुक उजेडात करावं. आधी रंग इंद्रधनुष्यासारखे फिरतात, मग काळं पडतं, मग मंद लाल दिसायला लागतं. तेवढंच. लगेच चिमट्यानं उचलून पाण्यात. चर्र होतं आणि तो पत्रा हातानं वाकतो. पहिल्यांदा वाकला तेव्हा मी दचकलेच. दुपारी ज्याला वाकवता वाकवता तळहात लाल झाला होता, तोच तुकडा.

(पितळाला जास्त तापवावं लागतं. ॲल्युमिनियम टॉर्चखाली धरायचं नाही. ते लाल होतच नाही, एकदम वितळतं. सरावासाठी मात्र ते ठीक, स्वस्त आणि मऊ असतं. पण ॲल्युमिनियमवर बसलेला हात तांब्यावर कमी पडतो, म्हणून सराव त्याच पत्र्याच्या रद्दी तुकड्यांवर करावा.)

काळी खपली काढायला अर्धा लिटर कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व. वीस मिनिटांत गुलाबी तांबं बाहेर येतं. आजीची चिंच-मीठाची रीत हीच, फक्त तिला हात लागतात. ते पाणी वापरून झालं की हिरवट-निळं होतं. त्यात लोखंडी चिमटा घालू नये, बांबूच्या काड्या वापराव्यात. स्वयंपाकाचं भांडं घेऊ नये हे वेगळं सांगायला नको, पण मी घेतलं होतं. लोणच्याची जुनी बरणी कामाला लावली ती नंतर.

मग सपाटी. इथे लोखंडी हातोडी नको. ती पत्रा ताणते आणि तो डब्यासारखा फुगतो. ठोकळ्यावर ठेवून लाकडी मोगरीनं मधून कडेला यावं.

आता पॉलिश, ज्यासाठी मी सुरुवातीला इतकी अधीर होते. त्या पहिल्या दिवसानंतर किट कपाटातच राहिलं. त्यातल्या चाकांच्या दांड्या २.३५ मिलिमीटरच्या आणि भाच्याच्या फिरत्या यंत्राचं तोंड ३ मिलिमीटरचं, बसेचनात. घेताना तेवढं बघावं. आणि शंभर नगांतले ऐंशी कशाला असतात तेही अजून कळलेलं नाही. प्रत्यक्षात वॉटर पेपरचे दोनशे रुपयांचे कागद आणि बफिंगच्या (कापडी चाकावर चकाकी आणायच्या) साबणाच्या दोन वड्या, १८० रुपयांच्या, एवढ्यावर भागलं. तपकिरी वडी आधी, लाल नंतर. प्रत्येकीचं कापडी चाक वेगळं. एकाच चाकावर दोन्ही लावले तर लाल वडीचे पैसे वाया; जाड कण ओरखडत राहतात. स्वयंपाकघरातली तारेची घासणी तांब्याला अजिबात लावू नये, तिचे ओरखडे काढायला मला एक अख्खा रविवार लागला.

पण खरा मुद्दा कुठलं पॉलिश हा नाही, कधी हा आहे. मी रद्दी तुकड्यावर आधी ठोकलं आणि मग ३२० च्या कागदानं घासलं. आकड्यांच्या कडा झिजल्या, ‘1958’ जुन्या नाण्यासारखं दिसायला लागलं. उलट करायचं: जाड घासणं सगळं ठोकण्याआधी. ३२०, ६००, प्रत्येक कागदाची दिशा आडवी-उभी बदलत, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. मग ठोकायचं. ठोकल्यानंतर फक्त १००० आणि २०००, आणि तेही कागद सपाट लाकडाला गुंडाळून. बोटानं दाबला तर कागद खाचेत शिरतो.

ठसे दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, शनिवारी अकरा वाजता सुरू केले. त्या दिवशी हत्यारांची पूजा असतेच. ठोकळा, हातोडी आणि दहा पंच पाटावर मांडून हळदकुंकू लावलं आणि मग ते नीट पुसलं. पंचाच्या खाचेत कुंकू राहिलं तर ठसा भरतो.

पत्रा बिल्ल्याच्या मापाचा आधी कापला नाही, पट्टीवरच ठोकलं. पंच मारला की तांबं बाजूला सरकतं आणि कड वाकडी होते, त्यामुळे कापणं, कानस आणि भोक नंतर. कागदी टेप चिकटवून तिच्या कडेवर आकडे टेकवले की ओळ सरळ येते. चार आकडे असले तर मधले दोन आधी, मग बाहेरचे. आकड्याला एकच घाव, ठाम. बारीकसा वाटला म्हणून पुन्हा मारला की सावली आलीच. ‘वाई’चा पंच आठ मिलिमीटर रुंद, त्याला एका घावानं काही होत नाही. तो घट्ट धरून, न उचलता, किंचित चारी बाजूंना झुकवत चार मध्यम घाव. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, नऊ तुकडे खराब झाल्यावर हाताला समजलं.

पंच सरळ धरला की उलटा हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या माझ्याकडच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. उत्तम युक्ती. फक्त सहाचा नऊ करताना ठिपका पलीकडे जायला हवा. सातव्या बिल्ल्यावर सवयीनं ठिपका माझ्याकडे ठेवला आणि ‘1658’ उमटलं. आमचा बंब शिवकाळात गेला.

आकड्यांच्या खाचा काळ्या करायच्या होत्या. उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाबरोबर तांबं बंद डब्यात रात्रभर ठेवलं की गंधकानं काळं पडतं, ही स्वस्त आणि सोपी रीत. पण ऑगस्टमध्ये श्रावण होता, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. सासूबाईंच्या घरात अंड्याला मुहूर्तच सापडेना. शेवटी काळा परमनंट मार्कर खाचांवर फिरवला, दहा मिनिटं वाळू दिला आणि वरचा २००० च्या कागदानं पुसून काढला. खाचेत काळं राहिलं, वर तांबं. दोन बिल्ल्यांवर बफ आधी केलं होतं, तिथे मार्कर धरेना, साबणाचा चिकट थर आत बसला होता. कोमट पाणी, भांड्यांचा द्रव साबण आणि जुना टूथब्रश यांनी तो निघाला. बफ करताना बिल्ला यंत्रानं एकदा हातातून हिसकला आणि कुंडीवर जाऊन आदळला. चाक कडेवरून बाहेरच्या दिशेला फिरेल असा धरावा लागतो, कड त्याच्यासमोर आली की गेलाच. केस बांधून, ओढणी काढून ठेवून बसावं आणि कडी, साखळी असलं काही अडकवलेलं असताना बफ मुळीच करू नये.

वर लाखेचा स्प्रे मारला नाही. किल्ल्यांबरोबर घासून तो तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि मग जास्त वाईट दिसतं. थोडं मेण चोळलं. सहा महिन्यांत तांबं तपकिरी होईल. ज्याला आवडणार नाही त्यानं पितांबरी लावावी.

२७ ऑक्टोबरला, परवानगी संपायच्या चार दिवस आधी, चौदावा बिल्ला झाला. काकांना दाखवायला तांबट आळीत गेले. त्यांनी पुढची बाजू बघितलीच नाही. बिल्ला पालथा केला, उजेडात तिरपा धरला, मागच्या गुळगुळीत पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ठोकळा केलात वाटतं.”

भाऊबीजेला ताटातून वाटले. ‘1658’ मी माझ्यासाठी ठेवला होता, पण दादानं तोच उचलला. आता तो विचारतोय की बंबाची तोटी अजून आहे का, आणि पितळावर ठोकता येईल का. इंग्रजी अक्षरांचा संच मात्र अजून तसाच पडून आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.